पेडर बाल्केची पुसण्याची रीत, आजवाच्या पाण्यावर

नॉर्वेचा चित्रकार पेडर बाल्के (1804–1887) उत्तरायुष्यात तळहाताएवढे समुद्र रंगवी, बरेचसे नुसत्या काळ्या-पांढऱ्यात. त्यातला उजेड बहुधा वरून लावलेला नसतो; पातळ काळा रंग पुसून खालचा पांढरा थर उघडा केलेला असतो.

वडोदऱ्यात सरावाला आजवा तलाव आणि मागचा पावागढ डोंगर उत्तम. 10 × 12 सेंमीचा हार्डबोर्ड घ्या. जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर 400 नंबरच्या पॉलिशपेपरने घासा. वर पांढऱ्या तैलरंगाचा पातळ हात देऊन तो पूर्ण वाळू द्या. इथेच घाई नडते: नुसता जेसो तेल पितो, काळा आत मुरतो आणि कितीही पुसलं तरी करडा डाग राहतो.

आयव्हरी ब्लॅक या काळ्या तैलरंगात जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंबच मिसळा. जास्त झालं तर रंग ओघळतो. रुंद, मऊ ब्रशने आडवा फिरवा. पाण्यावरची चकाकी बोटाला गुंडाळलेल्या जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने, एकाच ओढीत काढा. प्रत्येक ओढीला कापडाची कोरी बाजू हवी, नाहीतर पुसलेला काळा परत बसतो. पावागढाची कड मात्र शेवटी, जवळजवळ कोरड्या ब्रशने.