चांदीच्या मुलाम्याआधी: तांब्याचा थर आणि स्ट्राइक

बेळगावच्या उद्यमबागेत असो वा निपाणीकडच्या एखाद्या लहान शेडमध्ये, मुलाम्यासाठी आलेल्या समयांवरची चांदी महिन्याभरात पापुद्र्यासारखी सुटली की दोष चांदीच्या टाकीला दिला जातो. माझ्या मते खरे कारण बहुधा त्याआधीच्या काही सेकंदांत असते.

तांबे, जस्त आणि लोखंड हे चांदीपेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे, माल मुख्य टाकीत नुसता बुडवला तरी त्याचा धातू द्रावणात उतरतो आणि त्या जागी चांदीचा भुसभुशीत थर बसतो; त्यावर पुढची चांदी धरत नाही. म्हणून आधी स्ट्राइक देतात, म्हणजे वेगळ्या टाकीत काही सेकंदांत चांदीचा अगदी पातळ, घट्ट धरणारा पहिला थर. या टाकीत चांदी मुद्दाम कमी, लिटरला 2 ते 5 ग्रॅम, आणि मुक्त (धातूशी न बांधलेले) सायनाईड भरपूर, 70 ते 90 ग्रॅम, ठेवतात. प्रवाह चालू ठेवूनच माल आत सोडावा, 4 ते 6 व्होल्टवर 10 ते 30 सेकंद ठेवावा आणि सुकू न देता मुख्य टाकीत न्यावा.

स्ट्राइकआधी तांब्याचा थर का द्यायचा, हे समईच्या बैठकीपाशी दिसते. दांडा जिथे डाग देऊन जोडलेला असतो, तिथे पितळेशेजारी शिसे-कथिल उघडे असते. सायनाईड तांब्याच्या, म्हणजे सायनाईडच्या टाकीतून चढवलेल्या तांब्याच्या, पातळ थराने दोन्ही झाकले गेले की चांदीला सगळीकडे एकच धातू मिळतो. लोखंड आणि जस्ताच्या ओतीव मालावर हा थर अनिवार्यच आहे. तिथे मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) आम्ल टाकी थेट वापरू नये, कारण मग वर सांगितल्याप्रमाणे मालाचा धातू द्रावणात उतरून त्या जागी तांबेच भुसभुशीत बसते; जाडी आणि चकाकीसाठी ती सायनाईड तांब्यानंतर वापरावी. मात्र त्या टाकीतून निघालेला माल वाहत्या पाण्यात दोनदा नीट धुतल्याशिवाय सायनाईडजवळ नेऊ नये, कारण आम्ल आणि सायनाईड एकत्र आले की प्राणघातक हायड्रोजन सायनाईड वायू सुटतो. धुवणाची पाणीही वेगवेगळ्या टाक्यांत साठवावीत.

अर्थात तेलकट मालावर हे सारे व्यर्थ आहे. धुतलेल्या भांड्यावर पाण्याचा पडदा न तुटता टिकला, तरच पुढे जावे.

प्रत्येक खेपेत त्याच पितळेची एक पट्टी टांगावी आणि नंतर ती दुमडून भिंगाखाली पाहावी. चांदी तांब्यासकट सुटत असेल तर सफाई किंवा तांब्याची टाकी तपासावी. तांबे जागेवर राहून एकटी चांदी सुटत असेल तर आधी स्ट्राइक तपासावा.