डिझाइन थिंकिंगमध्ये गाडी कुठे अडते? या चुका टाळा

डिझाइन थिंकिंग म्हणजे वापरणाऱ्याची अडचण समजून घेऊन, कल्पना काढून आणि नमुना तपासून उपाय शोधण्याची पद्धत. तिची कार्यशाळा रंगते, भिंत चिठ्ठ्यांनी भरते आणि ग्राहकांच्या तक्रारी मात्र जिथल्या तिथे राहतात. अशा वेळी दोष सहसा कल्पनांचा नसतो. प्रश्नच घाईत मांडलेला असतो.

सगळ्यात महागात पडते ते प्रश्नातच उत्तर घालणे. ‘आपल्याला ॲप हवे’ हा प्रश्न नव्हे. कोण, कोणत्या क्षणी, काय करताना, कशामुळे अडतो, हे एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: ‘पहिल्यांदाच ऑर्डर देणारा ग्राहक पैसे भरताना माघार घेतो, कारण डिलिव्हरीचा खर्च त्याला तिथेच पहिल्यांदा दिसतो.’ वाक्यात उपायाचे नाव आले तर खोडून पुन्हा लिहा. ‘ग्राहकांचा अनुभव सुधारायचा’ असले मोघम वाक्यही कामाचे नाही. त्यावरून उद्या सकाळी काय करायचे ते कोणालाच कळत नाही.

असे वाक्य जमत नसेल तर मुलाखती कच्च्या राहिल्या आहेत. ‘ही सोय दिली तर वापराल का?’ असे विचारले की लोक भिडेखातर हो म्हणतात. त्यापेक्षा ‘मागच्या वेळी हे काम कसे केलेत, करून दाखवा’ म्हणा आणि गप्प बसा. माणूस मध्येच वहीत आकडा उतरवून घेतो किंवा सहकाऱ्याला फोन लावतो, खरी अडचण तिथे असते. विक्री विभागाला विचारून ग्राहकाचे मत कळले असे मानू नका. सोडून गेलेल्या ग्राहकांशी बोलणे तर अजिबात टाळू नका.

कल्पना काढताना साहेब आधी बोलले की बाकीचे त्याच वाटेने जातात. आधी प्रत्येकाने 10 मिनिटे एकट्याने लिहावे, मग चर्चा. 1958 साली येल विद्यापीठातल्या प्रयोगात एकेकट्याने विचार करणाऱ्या चौघांच्या एकत्रित कल्पना चौघांच्या गटापेक्षा जास्त भरल्या होत्या.

कल्पनेचा नमुना, म्हणजे लोकांना दाखवून तपासण्यापुरते कच्चे रूप, कागदावरचा चालतो. तो फार देखणा केला की लोक चुका सांगायला कचरतात आणि तुम्हालाही तो मोडवत नाही. एका नमुन्यातून एकच गृहीतक तपासा.

चाचणीला पाच माणसे पुरतात, हा वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांचा सल्ला वापरातल्या अडचणी शोधण्यापुरता आहे. पाच जणांच्या होकारावरून बाजारातली मागणी ठरवू नका.

चाचणी फसली तर आधी कारण वेगळे करा. लोकांना वापरता येत नसेल तर नमुना बदला. वापरता येते, पण नकोच असेल, तर नमुना घासत बसू नका. प्रश्नाचे वाक्य पुन्हा लिहायला घ्या.