मुलांची सायकल घेताना वय नाही, पायाचं माप बघा
दुकानात पहिलं वय विचारतात, पण पाच वर्षांची दोन पोरं शेजारी उभी करा, एकाला १४ इंची चाकाची बसेल तर दुसऱ्याला १६, म्हणून माप घरीच घ्या. अनवाणी भिंतीला टेकवून उभं करायचं, पायांच्या मधे वही आडवी धरून जांघेपर्यंत वर सरकवायची आणि तिथून जमिनीपर्यंत टेपने मोजायचं. सीट सगळ्यात खाली केल्यावर उंची या मापाएवढी किंवा बोटभर कमीच हवी, म्हणजे दोन्ही तळवे टेकतात.

कपड्यांसारखी "वाढत्या अंगाची" सायकल प्लीज घेऊ नका! आम्ही मुलीला २० इंची घेतली, बिचारी चवड्यांवर उभी राहायची, वळताना पडायची, शेवटी हातच लावेना. आणि हो, ब्रेक पोरालाच दाबायला लावा, बोटं पोचत नसतील तर ती सायकल नको.