लॉनवर बी टाकताय आणि तणही मारताय? मग या चुका टाळा

फेब्रुवारी संपत आला की कोल्हापुरात ताराबाई पार्कात जावा नाहीतर आर. के. नगरला, बंगल्यापुढची लॉनं सगळी एकाच अवतारात. मध्ये टक्कल, कडेनं लव्हाळा, आणि नळ गळतो तिथं आंबुशी एकदम फॉर्मात. मग घरातलं कुणीतरी यूट्यूब लावतं, त्यात परदेशातला एक माणूस सकाळी बी पसरतो, काहीतरी फवारतो आणि पुढच्या सीनला लॉन हिरवंगार. तेच आपण इथं करायला गेलो की बी जातं, पैसे जातात, लव्हाळा तेवढा राहतो. त्यांचा वसंत म्हणजे बर्फ वितळल्यावरचा गारवा, आपला वसंत म्हणजे शिमगा झाला की डोक्यावर ऊन, एवढा फरक त्या व्हिडिओत कुणी सांगत नाही.

बीच भलतं आणलं

ऑनलाइन 'लॉन सीड' म्हणून जी रंगीत पाकिटं येतात त्यात बऱ्याचदा रायग्रास नाहीतर फेस्क्यू असतं. ही थंड हवेची गवतं. मार्चच्या सुरुवातीला झकास उगवतात, घरचे खूश, शेजारी विचारायला येतात, आणि एप्रिल-मेच्या उन्हात सगळं पिवळं पडून बसतं. कोल्हापुरात बी टाकायचंच तर बर्म्युडाचं, म्हणजे आपली हरळीच. शेतात जिच्या नावानं आयुष्यभर बोटं मोडली तीच आता पाकिटातून विकत आणायची म्हटल्यावर गावाकडचे काका हसणारच, हसू देत.

पण त्याच्याही आधी आपलं लॉन कुठलं आहे ते बघा. बारीक सुईसारखी पानं, दाट, पाय ठेवला की मऊ गादी, असं असेल तर ते नर्सरीवाले ज्याला मेक्सिकन कार्पेट म्हणतात ते आहे. त्यावर हरळीचं बी टाकलं तर दोन पोताचं, दोन रंगांचं गवत होतं आणि ते परत वेगळं करता येत नाही. मेक्सिकनच्या टकलावर त्याच लॉनच्या दाट कोपऱ्यातले मुळांसकट छोटे तुकडे काढून चार-चार बोटांवर टोचायचे. वेळ लागतो, पण खर्च शून्य.

तण आणि बी एकाच आठवड्यात

सगळ्यात जास्त लॉनं इथं वाया जातात. उगवायच्या आधीच तण मारणारं औषध, म्हणजे पेंडीमिथॅलीन, ॲट्राझीन वगैरे, मातीवर मारलं तर ते तणाचं बी कुठलं आणि तुम्ही ५०० रुपये देऊन आणलेलं बी कुठलं हे बघत बसत नाही, दोन्ही मारतं. टू-फोर-डी, म्हणजे रुंद पानाचं तण मारणारं औषध, फवारलं असेल तर बी टाकायला निदान तीन-चार आठवडे थांबा. उलट बी आधी टाकलं असेल तर नवीन गवत तीन-चार वेळा कापून होईपर्यंत कुठलंच तणनाशक नको, तोवर खुरपं आणि आपण.

बिनऔषधाचा उपाय जुनाच आहे. बी टाकायच्या आधी टकलाची जागा हलकी खरवडायची आणि दहा-बारा दिवस नुसतं पाणी द्यायचं. वरच्या थरात झोपलेलं तणाचं बी उगवून येतं, ते कोवळं असतानाच वरच्यावर खरडून टाकायचं, माती उकरायची नाही, उकरली की खालचं नवीन बी वर येतं. मग हरळी टाकायची. पण घाई असते ना, पाडव्याला पाहुणे येणार असतात, त्यामुळं हे कुणी करत नाही.

लव्हाळा उपटत बसणं

उपटल्यावर हातात येते ती पात, खाली काळ्या गाठी तशाच, आणि त्या गाठी धाग्यासारख्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या. वरचा शेंडा गेला की शेजारची गाठ जागी होते, म्हणून उपटल्यावर महिन्याभरात दुप्पट दिसतो. दांडा बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागल्या तर लव्हाळा, गवताचा दांडा असा नसतो. थोडा असेल तर खुरप्यानं वीतभर खोल जाऊन गाठीसकट काढा. फार पसरला असेल तर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के हे उसातलं औषध आहे, मुरलेल्या हरळीला ते सहसा धक्का लावत नाही. पण गंमत बघा, उसात त्याचा डोस एकराला ३६ ग्रॅम, म्हणजे गुंठ्याला एक ग्रॅमसुद्धा नाही, आणि लोक अंदाजपंचे चमचाभर पंपात टाकतात. दुकानदाराला जागा गुंठ्यात सांगा, लेबल वाचा, आणि फवारल्यावर दोन-तीन आठवडे धीर धरा, चौथ्या दिवशी काही दिसत नाही म्हणून परत मारू नका.

लव्हाळ्यावर मीठ टाकायची एक आयडिया फिरत असते. त्यानं माती खराब होईल आणि त्या जागी पुढं बरेच दिवस काही नीट येणार नाही.

शेतातला पंप घरी

हे खास आपल्याकडचं. भावाचा पंप आणला, त्यात परवा उसाला काहीतरी मारलेलं, तळात घोटभर राहिलेलं, आणि त्याच पंपानं लॉनला विद्राव्य खत फवारलं. तिसऱ्या दिवशी जास्वंदीची शेंड्याची पानं चमच्यासारखी वळलेली, टोमॅटो पिळवटलेला, आणि घरात चर्चा रोग कुठला आला याची. रोग नाही, ते टू-फोर-डी आहे. रुंद पानाच्या सगळ्याच झाडांना ते लागतं, जास्वंद आणि टोमॅटो तर फारच हळवे. तणनाशकाचा पंप कायम वेगळा ठेवा. टू-फोर-डी मारायचंच तर अमाईन सॉल्टवालं घ्या, एस्टरवालं उन्हात वाफ होऊन शेजाऱ्याच्या कुंड्यांपर्यंत जातं, आणि मग भांडण तिसरंच. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, हातमोजे-मास्क घालून, आणि पोरं-कुत्री पूर्ण वाळेपर्यंत आत.

बी टाकलं पण उगवलंच नाही

बहुतेक वेळा ते खोल गेलेलं असतं. हरळीचं बी अगदी बारीक, पाव इंचापेक्षा खाली गेलं की संपलं. गवत आधी बारीक कापा, दाताळ्यानं वाळलेला थर ओढून काढा म्हणजे माती दिसेल, मग बी चौपट-पाचपट वाळूत मिसळून अर्धं उभं आणि अर्धं आडवं फोका, वरून चाळलेल्या कंपोस्टची नुसती भुरभुर. गुंठ्याला ३०० ग्रॅम ते अर्धा किलो पुरे. जास्त टाकलं की दाट येतं आणि एकमेकांत गुदमरून बसतं. सोललेलं बी आठवडा-दोन आठवड्यांत दिसतं, न सोललेल्याला तीनही लागतात, तोवर "बी खोटं निघालं" म्हणून दुकानात जाऊ नका.

पाणी दिवसातून तीन-चार वेळा, पण झारीनं, नुसता वरचा थर ओला राहील इतकंच. पाइप सोडला की बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं आणि तिथं मग झुपका उगवतो. हे जमवायचं तर शिमगा ते पाडवा ही वेळ बरी, एप्रिलात पाण्याची बोंब असते आणि मेमध्ये वळीव एका तासात सगळं गटारीत नेतो. मुंग्यांची रांग दिसली तर बी त्यांच्या घरी चाललंय असं समजा आणि आधी वारूळ बघा.

युरिया बी टाकताना नको, दोन कापण्या झाल्यावर थोडा द्या आणि लगेच पाणी द्या, कोरड्या गवतावर दुपारी फेकला की जळलेले ठिपके पडतात.

तण विकत आणणं

कच्चं शेणखत आणि नदीकाठची गाळमाती, या दोन गोष्टींतून गाजरगवत आणि लव्हाळा ट्रॉलीनं घरी येतो. २०१९ च्या पुरात ज्या बंगल्यांत पंचगंगेचं पाणी शिरलं तिथं गाळाबरोबर काय काय येतं ते तिथल्या लोकांना विचारा. खत पूर्ण कुजलेलं, हातात घेतलं तर वास न येणारं, आणि चाळून. गाजरगवत फुलायच्या आधी हातमोजे घालून उपटा, अंगाला खाज सुटते. घोळ उपटून तिथंच टाकू नका, ओल मिळाली की परत मूळ धरते, भाजी करा नाहीतर उन्हात फरशीवर वाळवा.

आणि आंब्याच्या गच्च सावलीत टक्कल असेल तर तिथं कितीही बी टाका, हरळीला निदान सहा तास ऊन लागतं, तिथं सरळ फरशी घाला नाहीतर सावलीतली झाडं लावा.