ताप-खोकल्याच्या रुग्णाला पक्षाघात झाला तर काय करायचं, आणि वेळ कशी ठरवायची

तापाने निपचित पडलेलं माणूस आणि पक्षाघात झालेलं माणूस, दोघंही दारातून बघितलं तर सारखीच दिसतात. दोघं उठत नाहीत, दोघांचं बोलणं धड कळत नाही, आणि घरचे दोघांबद्दल एकच म्हणतात, "ग्लानी आहे, झोपू द्या." कॅज्युअल्टीत सिस्टर म्हणून हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. फ्लू, कोविड अशा आजारांत शरीरात दाह वाढतो, रक्त गोठण्याकडे झुकतं, त्यात पाणी कमी पडलेलं असतं. ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींवरून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात श्वसनमार्गाच्या संसर्गानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत पक्षाघाताचा धोका सुमारे तिप्पट दिसला होता. म्हणजे ज्या दिवसांत आपण "झोपू द्या" म्हणतो, नेमके तेच दिवस.

आधी ओळखा. रुग्णाला हाक मारून जागं करा. दात दाखवायला सांगा, दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक साधं वाक्य म्हणायला लावा. तापाचा अशक्तपणा दोन्ही बाजूंना सारखा असतो. घसा बसला तर आवाज घोगरा होतो, पण शब्द अडखळत नाहीत, भलतेही येत नाहीत. तोंड एका बाजूला ओढलं, एक हात खाली आला किंवा बोलणं बिघडलं, यातलं एक जरी अचानक झालं असलं तरी थांबू नका. अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं हीही तशीच लक्षणं आहेत.

१०८ ला फोन करा. पक्षाघाताची शंका आहे आणि ताप-खोकलाही आहे, ही दोन्ही वाक्यं सांगा, एकही लपवू नका. चोवीस तास सीटी स्कॅन होणारं आणि मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देणारं रुग्णालय गाठा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सलाईन लावून बघू, यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो.

आता अवघड काम. दारात आल्या आल्या आम्ही विचारतो, "कधी झालं?" उत्तर मिळतं, "सकाळी सात वाजता." सात वाजता तुम्हाला *दिसलं*. आम्हाला हवी असते रुग्ण शेवटचा नक्की ठीक होता ती वेळ. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत तिथून मोजतात. एरवी घरातल्या माणसाबद्दल हे पटकन कळतं. पण वेगळ्या खोलीत ठेवलेल्या आजारी माणसाचं दार बंद असतं, ताट बाहेर ठेवलेलं असतं आणि कोणी त्याच्याशी बोललेलंच नसतं. अशा वेळी विचारायचं कसं, हे शिकायला मलाही बराच काळ लागला.

"ठीक होते का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. "त्यांचा आवाज शेवटचा कोणी ऐकला?" असं विचारा आणि तिथून मागे मागे जा. रात्री बाथरूमला कोण उठलं होतं, दिवा कोणी लावला, पहाटेची गोळी त्यांनी स्वतः पाकिटातून काढली का? मोबाईल बघा. कोणाशी फोनवर नीट बोलणं झालं असेल तर तो पुरावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला आवाजी निरोप त्याहून पक्का. नुसतं "लास्ट सीन" काहीच सांगत नाही, फोन कोणाच्याही हातात असू शकतो. ताट रिकामं होऊन दाराबाहेर आलं होतं का? मग तेव्हा ते चालत होते. मुलगा एक वेळ सांगतो आणि सूनबाई दुसरी, असं झालं तर दोन्ही लिहा. कुणाचं खरं, हा वाद कॅज्युअल्टीत नको.

आणि वेळ ओढूनताणून जुळवू नका. "साडेचार तासांत बसलं तर इंजेक्शन देतात" हे ऐकून काही जण पहाटे चार सांगतात, आणि मग कळतं की शेवटचं बोलणं रात्री दहाला झालं होतं. मुदत उलटल्यावर दिलेल्या इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. खरं "रात्री दहा" सांगितलं म्हणून सगळं संपत नाही. झोपेत झालेल्या पक्षाघातात एमआरआय बघून निर्णय घेता येतो, आणि मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंत रक्तवाहिनीत नळी घालून गुठळी काढता येते. खोट्या वेळेने मात्र डॉक्टरांचा हिशेबच चुकतो.

म्हणून घरात कोणी म्हातारं माणूस तापाने वेगळ्या खोलीत असेल, तर ताप आणि ऑक्सिजन लिहायच्या वहीत एक रकाना वाढवा: "बोलले". दर काही तासांनी दाराबाहेरून दोन वाक्यं बोलायची आणि वेळ लिहायची. रात्री झोपण्याआधी नक्की.

गाडी येईपर्यंत तोंडात काही घालू नका. पाणी नाही, प्रेशरची गोळी नाही, अ‍ॅस्पिरिन तर नाहीच, कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटीशिवाय सांगता येत नाही. बोटांना सुई टोचून रक्त काढा, असा निरोप फिरतो. तो पाठवणाऱ्याला ब्लॉक करा. घरी ग्लुकोमीटर असेल तर साखर बघून आकडा सांगा, साखर फार उतरली तरी अगदी असंच दिसतं. नुकतेच रुग्णालयातून घरी आले असतील तर फाईल घ्या. त्यात रक्त पातळ करणारं इंजेक्शन किंवा गोळी असेल तर शेवटचा डोस कधी झाला, ते आम्हाला हवंच.

उपचारांच्या संमतीपत्रावर सही करताना कोणी नातेवाईक हमखास म्हणतो, "कोविड असताना हे उपचार वाईट ठरतात असं वाचलंय." वाचलं ते बरोबर, अर्थ चुकीचा. इंजेक्शन किंवा नळीचे उपचार झालेल्या १५ हजारांहून अधिक रुग्णांची एक आंतरराष्ट्रीय नोंद आहे, त्यांत ८५३ जणांना कोविड होता. त्यांच्यात मेंदूतला रक्तस्राव आणि मृत्यू जास्त दिसले, हे खरं. पण ती तुलना कोविड असलेले आणि नसलेले यांची आहे, आणि उपचार दोन्हीकडे झाले होते. उपचार न केलेले रुग्ण त्यात नव्हतेच. त्यामुळे उपचार टाळावेत, असा अर्थ त्यातून निघत नाही. धोका वाढतो, तो डॉक्टरांना विचारा, समजून घ्या. पण आरटीपीसीआरचा रिपोर्ट येईपर्यंत सही लांबवू नका. आम्ही किट घालून काम सुरू करतो. उपचाराविना गेलेल्या मिनिटाला मेंदूतल्या सुमारे १९ लाख पेशी मरतात.

पुढे वॉर्डात ताप आणि ऑक्सिजनकडे आम्ही बघू. तुम्ही फक्त डब्यातून पेज आणून चमच्याने भरवू नका. गिळण्याची तपासणी होईपर्यंत थांबा. आधीच आजारी असलेल्या फुप्फुसात अन्न गेलं तर न्यूमोनिया होतो.