कायद्याची पुस्तकं दान करायचीयत? मग आधी हे वाचा

कायद्याची पुस्तकं परदेशात दान करायची म्हटलं की लोक आधी कपाट उघडून खोकी भरायला घेतात. तसं करू नका, आधी घेणारं कोण ते शोधा. लीगल एडचं म्हणजे गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणारं ऑफिस, लॉ कॉलेज, कोर्टाची किंवा जेलची लायब्ररी, प्रत्येकाची गरज वेगळी असते, त्यामुळे कुठल्या विषयाची हवीत, किती जुनी चालतील, जागा आहे का आणि कस्टममधून कोण सोडवून घेणार हे सगळं मेलवर विचारा आणि उत्तर येईपर्यंत एकही पुस्तक पाठवू नका. ब्रिटनमधली इंटरनॅशनल लॉ बुक फॅसिलिटी २००५ पासून हेच काम करतेय, वकिलांकडची चांगल्या अवस्थेतली पुस्तकं घेऊन ज्यांनी मागितलीयत त्यांना पाठवते. अशी संस्था हाताशी असेल तर तिच्यामार्फतच पाठवा.

देशाची कायदापद्धत बघा. इंग्लंडचं कॉन्ट्रॅक्ट किंवा टॉर्टचं (नुकसानभरपाईच्या कायद्याचं) पुस्तक घाना, युगांडा, झांबियात कामाला येतं कारण तिथे कॉमन लॉ म्हणजे इंग्लंडकडून आलेली, कोर्टांच्या आधीच्या निकालांवर चालणारी पद्धत आहे, सेनेगलमध्ये फ्रेंच पद्धत आणि भाषाही फ्रेंच, तिथे तेच पुस्तक पडून राहणार.

आता निवड, आणि इथे मन घट्ट करावंच लागतं. केनियाची नवी राज्यघटना २०१० मध्ये आली, त्याआधीचं तिथल्या घटनेवरचं पुस्तक आज एखाद्या ज्युनिअर वकिलाने खरं मानून वापरलं तर भोगावं लागेल त्याच्या पक्षकाराला, आणि त्याच्याकडे बहुतेक दुसरा वकील करायला पैसेही नसणार. म्हणून टॅक्स, कंपनी, लेबर, प्रोसिजर यांची फक्त ताजी एडिशन द्या. कायद्याचा इतिहास, ज्युरिसप्रुडन्स (कायद्याचं तत्त्वज्ञान), ड्राफ्टिंग ही जरा जुनी असली तरी चालतात. लूजलीफ म्हणजे सुटी पानं बदलत राहायच्या फायली अपडेट न लावलेल्या असतील तर त्या सरळ बाजूला काढा. लॉ रिपोर्ट्सचे, म्हणजे कोर्टाच्या निकालांचे, जाडजूड सेट मागितल्याशिवाय पाठवू नका, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची एलआयआय ही कायद्याची मोफत साइट १९९२ मध्ये सुरू झाली, मग ऑस्ट्रेलियाची ऑस्टएलआयआय, ब्रिटन-आयर्लंडची बेली अशा साइट्स आल्या आणि बरेच निकाल आता फुकट वाचता येतात. नीट समजावून सांगणारी टेक्स्टबुकं मात्र अजूनही महागच आहेत, खरी टंचाई त्यांचीच आहे.

जेलसाठी देत असाल तर जामीन, अपील, कैद्यांचे हक्क यावरची सोप्या भाषेतली बघा. कैद्यांना कसं वागवावं यावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला रूल्समध्ये प्रत्येक जेलला लायब्ररी असावी असं स्पष्ट म्हटलंय, पण आत काय नेऊ देतात ते तिथल्या लोकांनाच विचारा.

पॅक करण्याआधी प्रत्येक पुस्तक उलटंपालटं करून झटका. वकिलांच्या पुस्तकांत क्लायंटच्या नावाच्या चिठ्ठ्या, नोट्स हमखास निघतात, त्या कुणाच्या हाती पडता कामा नयेत. बुरशी लागलेलं एकही पुस्तक आत घालू नका, बाकीची पण खराब होतात.

खोकी छोटी घ्या, एका माणसाला सहज उचलता आली पाहिजेत, आतून प्लास्टिक लावा आणि प्रत्येक खोक्यात नाव, लेखक, एडिशन, वर्ष अशी यादी टाका. बऱ्याच देशांच्या पोस्टात एम बॅगची सोय असते, म्हणजे एका पिशवीत फक्त छापील साहित्य, एकाच पत्त्यावर. युनेस्कोच्या १९५० च्या फ्लॉरेन्स करारात सामील देशांत पुस्तकांवर कस्टम ड्युटी नसते, तरी कागदपत्रं लागतातच, त्यावर ‘वापरलेली पुस्तकं, दान, विक्रीसाठी नाही’ असं स्पष्ट लिहा.

पोचल्यावर काही महिन्यांनी तिथल्या लायब्रेरियनला विचारा की कुठली पुस्तकं हातात घेतली जातायत आणि कुठली नुसतीच शेल्फवर आहेत. पुढच्या खोक्याची यादी त्यावरूनच करायची.