बदलीची ऑर्डर आली तर आधी पोच, मग बॅग

कारखान्यातली उत्पादनाची लाईन दुसरीकडे हलणार अशी कुजबुज कॅन्टीनमध्ये सुरू झाली की तयारीला लागायचं. नोटीस बोर्डावर कागद लागायची वाट बघू नका, तोपर्यंत उशीर झालेला असतो. चाकणच्या एका कारखान्यात तेरा वर्षं पर्मनंट असताना मला दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला पाठवलं आणि तिथून तीन वर्षांनी घरी. त्या तीन वर्षांत माझ्याकडून जी चूक झाली ती एका कागदावरच्या एका शिक्क्याची होती. तो शिक्का पुढे येईलच, पुन्हा पुन्हा येईल.

सुरुवात झेरॉक्सपासून. नेमणूक पत्र, कायम केल्याचं पत्र, पगारवाढीची पत्रं, पगार स्लिपा, युनियनच्या शेवटच्या कराराची प्रत. ‘सगळं कंपनीच्या ॲपवर आहे’ असं म्हणू नका. ज्या दिवशी गेट पास बंद होतो त्याच दिवशी ते ॲपही बंद होतं. आज रात्रीच सगळं उतरवून स्वतःच्या मेलवर टाका. आधार, पॅन, पासबुक वगैरे सांगायला नको.

आता नेमणूक पत्र काढा आणि बदलीचं कलम शोधा. बहुतेक पत्रांत ‘कंपनीच्या भारतातल्या कोणत्याही आस्थापनेत’ असं काहीतरी असतं. म्हणजे त्याच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात पाठवायचा अधिकार तुम्ही सही करतानाच दिलेला आहे. तिथे भांडायला जागा कमी असते, बदली आकसानं केली हे दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. पण कंपनी तीच आहे का, हे बघायचं असतं आणि तेच कोणी बघत नाही. माझ्या ऑर्डरवर वर लोगो तोच होता, रंग तोच होता. खाली बारीक अक्षरात कंपनीचं नाव मात्र वेगळं होतं, एक शब्द जास्तीचा. ग्रुपमधली दुसरी कंपनी. कायद्याच्या नजरेत तो दुसरा मालक, आणि एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे कामगाराला त्याच्या संमतीशिवाय पाठवता येत नाही. म्हणूनच तर माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला. ‘फॉर्मॅलिटी आहे, सिस्टीममध्ये इथून काढल्याशिवाय तिथे घेता येत नाही.’ ‘फॉर्मॅलिटी’ हा शब्द ऐकला की पेन खाली ठेवा. बदली असेल तर राजीनामा लागत नाही. राजीनामा मागत असतील तर ती बदली नाही, ती नवी नोकरी आहे, आणि नव्या नोकरीत तुम्ही पहिल्या दिवसाचे कामगार असता.

इतकं मला तेव्हाही थोडंफार कळत होतं. म्हणून मी अर्ज लिहिला. साधा अर्ज, एक पान: माझी आधीची तेरा वर्षांची सेवा सलग धरावी, सेवाज्येष्ठता कायम राहावी, या अटीवरच मी जात आहे. भाषा नीट होती, तारीख होती, सही होती. दुपारी दोनच्या सुमाराला एचआरच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी वाचला, मान हलवली, ‘ठेवतो मी, काळजी करू नका’ म्हणाले आणि टेबलाच्या डाव्या खणात टाकला. टेबलावर गोल शिक्का होता, शेजारी निळं स्टॅम्प पॅड उघडं पडलेलं. हात लांबवला असता तर पोचला असता. माझ्याकडे दुसरी प्रतही नव्हती. पोच मागायचं सुचलंच नाही. थोडं सुचलं, पण साहेबांसमोर कसं मागायचं, त्यांना अविश्वास वाटेल, असं मनात आलं.

तीन वर्षांनी त्या प्लांटवर कामगार कपात आली. कपातीत शेवटी आलेला आधी जातो, हा नियम आहे. ज्येष्ठता यादी लागली तेव्हा माझ्या खात्यात माझं नाव सगळ्यात खाली होतं, माझ्या हाताखाली शिकलेल्या पोराच्याही खाली. भरपाईही तीनच वर्षांची. कायद्यानं प्रत्येक पुऱ्या वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार मिळतो. तेरा वर्षांचे 195 दिवस, म्हणजे साडेसहा महिन्यांचा पगार, गेला. तेरा वर्षांची ग्रॅच्युइटी राजीनाम्याच्या वेळी खात्यात जमा झाली होती, आणि तीच पुढे माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवली: यांनी हिशेब घेतला, नोकरी संपली. सुनावणीत कामगार अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, अर्ज दिल्याची पोच आहे का? समोरच्या बाजूनं सांगितलं, असा कोणताही अर्ज रेकॉर्डवर नाही.

म्हणून आता नीट ऐका. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, सही, तारीख. ‘मिळाले’ एवढा एक शब्द हातानं लिहिला तरी चालेल, पण तारीख हवी. शिक्का द्यायला नाही म्हणाले तर अर्ज परत घ्या, बाहेर या आणि पोस्टानं पाठवा. जुनं रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात मिसळलंय, तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्ट सांगा आणि पोहोचल्याचा पुरावा हवा असंही वेगळं सांगा, न मागता तो मिळत नाही. पावतीवरची शाई काही महिन्यांत उडते, त्याच दिवशी फोटो काढा. सोबत तोच अर्ज मेलनं पाठवा, पण स्वतःच्या मेलवरून, कंपनीच्या नाही. व्हॉट्सॲपवर सुपरवायझरला टाकलेला फोटो म्हणजे पोच नाही. ‘साहेबांना सांगितलंय’ म्हणजेही पोच नाही. युनियनच्या प्रतिनिधीच्या हाती दिला तर त्याच्याकडूनही पोच घ्या. तो तुमचा मित्र असला तरी घ्या, उद्या तोही बदलून जाईल.

उत्तर काय लिहायचं? ऑर्डर मान्य नसेल तर गप्प घरी बसू नका. दिलेल्या तारखेला हजर झाला नाहीत की गैरहजेरीची नोटीस येते, मग चौकशी, मग बडतर्फी, आणि मूळ भांडण बाजूला राहतं. कोर्टाची स्थगिती हातात नसेल तर ‘माझे कायदेशीर हक्क अबाधित ठेवून हजर होत आहे’ असं लिहून हजर व्हा. ते लिहिल्याची पोच. हजर झाल्याची पोच. तिथल्या टाइम ऑफिसात पहिल्या दिवशीच.

कारखानाच विकला जात असेल तर वेगळं बघावं लागतं, आणि इथे माणसं फार फसतात. मालक बदलला की आपण आपोआप नव्याकडे जाणार अशी समजूत असते. काय विकलं जातंय त्यावर ते आहे. तळेगावला जनरल मोटर्सचं उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबलं. चीनची ग्रेट वॉल ही गाड्यांची कंपनी येणार अशी चर्चा होती, ते बारगळलं. 2023 मध्ये ह्युंदाईनं करार केला तो जमीन, इमारती आणि यंत्रसामग्रीचा. कामगार त्यात नव्हते, आणि नव्या कंपनीत सामावून घ्या म्हणून त्यांना आंदोलनाला बसावं लागलं. गुजरातेत साणंदला उलट झालं. फोर्डनं 2021 मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, टाटांनी तो कारखाना 725 कोटी 70 लाखांना घेतला, व्यवहार जानेवारी 2023 मध्ये पुरा झाला, आणि पात्र कर्मचाऱ्यांना सोबत घेण्याचं त्या करारातच होतं. दोन्हीकडे शेड तशीच उभी, गेट तसंच. फरक करारात. तेव्हा युनियनच्या सभेत उठून तीनच प्रश्न विचारा: सेवा खंड न पडता चालू राहणार का, नव्याकडच्या अटी आधीपेक्षा वाईट नाहीत ना, आणि पुढे कधी कपात झाली तर भरपाई जुनी वर्षं धरून मिळणार का. तिन्हींचं उत्तर लेखी ‘हो’ नसेल, तर जुन्या मालकाकडे कपातीसारखी भरपाई मागायचा हक्क उभा राहतो. त्या मागणीचा अर्ज, आणि अर्जाची… हो, तीच.

मोठ्या कारखान्याला ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं बसवून ठेवणं), कपात किंवा कारखाना कायमचा बंद करण्याआधी सरकारची परवानगी लागते. पूर्वी 100 कामगारांपासून लागायची. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि आकडा 300 वर गेला. त्यामुळे मधल्या आकाराच्या कितीतरी सुट्या भागांच्या कंपन्या त्या परवानगीतून सुटल्या. भोसरी-चाकणमधल्या मुलांनी हे पक्कं लक्षात ठेवावं, जुन्या माणसांचं ऐकून ‘परवानगीशिवाय काढूच शकत नाहीत’ असं गृहीत धरू नये. जिथे परवानगी लागते तिथेही अर्जावर 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. म्हणजे कंपनीनं अर्ज टाकल्याचं कळलं की त्याच आठवड्यात हरकत गेली पाहिजे. आणि दाद मागायचीच असेल तर नोकरी गेल्यापासून 2 वर्षांच्या आत. ‘बघू, दिवाळीनंतर’ करत ती दोन वर्षं कशी जातात ते मी पाहिलंय.

ले-ऑफ म्हणजे सुट्टी नव्हे. हे तरुण मुलांना सांगून सांगून मी थकलो. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम मिळते, पण ठरलेल्या वेळी गेटवर हजेरी लावली तर. गावाला जाऊन कांदा काढत बसलात आणि हजेरी नाही, तर तो दिवस गेला. 8 किलोमीटरच्या आत मालकानं त्याच पगाराचं, तुम्हाला जमणारं दुसरं काम दिलं आणि तुम्ही नाकारलंत, तरी गेला. गेटवरच्या मस्टरवर सही झाली की त्या पानाचा फोटो मागा. नाही दिला तर स्वतःच्या वहीत तारीख, वेळ, गेटवर कोण होतं ते लिहा आणि आठवड्याला त्या नोंदींचं पत्र मेलनं पाठवा. मेल गेल्याची नोंद राहते, ती तुमची पोच.

कंत्राटी, ट्रेनी आणि ठरावीक मुदतीची मुलं: तुम्हाला ऑर्डर येतच नाही, एके दिवशी गेटवर हजेरीचा पंच लागत नाही एवढंच. म्हणून तुमची तयारी पर्मनंटवाल्यांच्याही आधी सुरू व्हायला हवी. गेट पासाचे फोटो, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, पीएफ पासबुकात कोणाच्या नावानं वर्गणी भरली गेलीय ते. वर्षात 240 दिवस काम भरलं हे दाखवता येणं महत्त्वाचं, आणि ते दाखवायचं तुम्हालाच असतं. ठेकेदाराचं नाव मध्येच बदललं असेल तर ती तारीख लिहून ठेवा. ठेकेदाराला काहीही लेखी दिलंत तर पोच. ठेकेदार पोच देत नाही हे मला माहीत आहे. मग पोस्ट.

घरचं. एकट्यानं ठरवू नका. मुलं आठवी-नववीत असतील तर विशेष विचार करा. दहावी-बारावी कुठून केली यावर पुढे महाराष्ट्राच्या कोट्यातले प्रवेश अवलंबून असतात, बाहेर नेण्याआधी चौकशी करा. घराचा हप्ता आणि तिकडचं भाडं एका पगारात बसतंय का ते कागदावर मांडा. आईवडिलांचा मेडिक्लेम कंपनीचा असेल तर तो नोकरीबरोबर संपतो. माझ्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हा लांबलं ते लांबलंच.

पीएफ: बदलीनंतर जुन्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख पडलीय का बघा, नवीन खात्यात वर्ग करा, काढू नका. पेन्शनला 10 वर्षं लागतात. मधेच पेन्शनचा भाग काढून घेतला की ती वर्षं पुसली जातात. नॉमिनी भरा.

शेवटच्या हिशेबाला फार लिहीत नाही, दमलो. नव्या वेतन संहितेप्रमाणे कामावरून कमी केल्यापासून 2 कामकाजाच्या दिवसांत थकीत पगार मिळायला हवा. कोऱ्या कागदावर सही नाही. ‘कसलीही तक्रार उरलेली नाही’ या ओळीखाली सही नाही. आकडे चुकीचे वाटले तर पैसे घ्या, पण ‘रक्कम मान्य नाही’ असं सहीजवळ लिहा आणि त्या पानाची प्रत घेऊनच उठा. वर्षाच्या आत त्याच कारखान्यात भरती निघाली तर कपात झालेल्यांना आधी विचारायला हवं, तेव्हा पत्ता बदलला तर कंपनीला कळवा.

पत्ता कळवल्याचीही पोच.